न बोलता हसवणारे कलावंत टॅलेंट शोमधून इतके पुढे कसे येतात?

प्रश्न : केवळ हालचालींतून आणि धडपडण्यातून हसवणारे कलावंत ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’सारख्या स्पर्धांत शब्दांवर भिस्त ठेवणाऱ्या विनोदवीरांना मागे टाकताना दिसतात. यामागे केवळ नावीन्य आहे, की या कार्यक्रमांची रचनाच त्यांना अनुकूल आहे?

उत्तर १ : माझ्या मते रचना हेच मोठे कारण आहे. मिळालेल्या मोजक्या मिनिटांत शाब्दिक विनोदाची पार्श्वभूमी उभी करणे कठीण असते, तर अंगविक्षेप क्षणात कळतो आणि भाषेची सीमाही ओलांडतो. तोंडाला चिकटपट्टी लावणारा न्यूझीलंडचा टेप फेस २०१६ मध्ये अमेरिकेतील स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि पुढे लास व्हेगासमध्ये त्याचे स्वतंत्र प्रयोग सुरू झाले.

उत्तर २ : ‘नावीन्य’ म्हटल्याने या कलावंतांच्या साधनेवर अन्याय होतो. २०२३ चा ब्रिटनमधील विजेता, नॉर्वेचा विगो वेन, हा फ्रान्समध्ये फिलिप गोलिए यांच्याकडे विदूषकी शिकलेला आहे. एक चमकदार जॅकेट काढले की खाली दुसरे, त्याखाली आणखी एक, एवढ्याच कल्पनेवर प्रेक्षकांना खिळवून ठेवणे, हे पक्क्या तालमीशिवाय शक्य नाही.

उत्तर ३ : संघाची अडचण मात्र वेगळी असते. एकाने फळी फिरवली आणि दुसरा पडला, तर दोघेही एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा परीक्षकांकडे वळला, तर विनोदच नाहीसा होतो. म्हणून संघांनी दिग्दर्शकाला पूर्ण रंगमंच दाखवण्याचे क्षण आधीच लिहून द्यावेत.