प्रतिसाद: बिग बँग आणि कबुतरं

वर कोणीतरी विचारलंय की बिग बँगला (म्हणजे विश्व एका अतिशय तापलेल्या, दाट अवस्थेतून पसरत गेलं या थिअरीला) पुरावा काय, नुसत्या गप्पाच ना. अहो, १९६४ साली न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात सारखी खरखर यायची, त्यांना वाटलं आत बसलेल्या कबुतरांची घाण असेल, म्हणून सगळं घासूनपुसून काढलं, कबुतरं हाकलली (दादरकरांना हे दुःख कळेल) तरी खरखर तश्शीच! ती निघाली सुरुवातीच्या तापलेल्या विश्वाची उरलेली ऊब, आता जेमतेम २.७ केल्विन (म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास). १९७८ला नोबेल मिळालं त्यावर.

तरी आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर, जे कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होते, त्यांना बिग बँग काही पटलं नाही. आणि गंमत बघा, हे नाव १९४९मध्ये रेडिओवर बोलताना दिलं ते त्यांच्याच गुरूंनी, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलनी, ज्यांना स्वतःलाच ही थिअरी मान्य नव्हती.