घरातील लहान रीफ टाकी : दिवा कोणता घ्यावा आणि किती तीव्रतेने लावावा?

काचपेटी (पुणे)

नमस्कार. गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे. आता ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच अशी दुसरी टाकी खाऱ्या पाण्यासाठी, म्हणजे प्रवाळांची रीफ टाकी म्हणून, लावायचे ठरवले आहे. काच, वाळू, खडक आणि पाणी मिळून वजन सव्वाशे ते दीडशे किलोच्या घरात जाईल, हे लक्षात घेऊन लोखंडी चौकटीचा स्टँड करून घेतला आहे आणि तो भिंतीलगत ठेवला आहे. अडचण आहे ती दिव्याची. एका विक्रेत्याने ‘लिटरमागे एक वॅट’ असा हिशेब सांगितला, दुसऱ्याने केवळ निळा दिवा पुरे म्हटले, आणि माझ्याकडे वनस्पतींसाठी घेतलेला ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, चांगला एलईडी पडून आहे, तोच वापरता येईल का हा प्रश्न आहेच. मश्रूम आणि झोॲन्थिड (दोन्ही टणक सांगाडा नसलेले, प्रवाळांसारखे जीव), एखादे लेदर कोरल, एक हॅमर कोरल आणि क्लाउनफिशची जोडी एवढेच ठेवायचे मनात आहे. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत दिव्याची उष्णता पाण्याला बाधेल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

खारंपाणी (ठाणे)

आपण दिव्यापासून सुरुवात केली आहे, पण टाकीत कोणता जीव राहणार हे ठरल्याशिवाय दिवा ठरत नाही, आणि आपल्या देशात कोणता जीव ठेवता येईल याचा पहिला निर्णय कायद्याने आधीच करून ठेवला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. हॅमर दिसायला मऊ असते, प्रवाहात डुलते, त्यामुळे ते सॉफ्ट कोरल असावे असा अनेकांचा समज होतो. परंतु त्या तंतूंच्या खाली चुनखडीचा टणक सांगाडा असतो आणि ते दगडी प्रवाळांतच मोडते. दुकानात ते उघड्यावर मांडलेले दिसते म्हणून ते घेणे योग्य ठरत नाही. समुद्रघोडेही त्याच अनुसूचीत आहेत. तेव्हा हॅमर आपल्या यादीतून काढून टाकावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मश्रूम, झोॲन्थिड आणि लेदर त्या अनुसूचीत नाहीत, तरीही खरेदी करताना पक्के बिल घ्यावे आणि माल कुठून आला हे विचारावे. क्लाउनफिशच्या बाबतीत तर टाकीत जन्मलेलेच मासे घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे त्यांच्या प्रजननाचे तंत्र यशस्वी केले आहे आणि संवर्धित पिल्ले आता मिळू शकतात. ती घरी आणल्या दिवसापासून कोरडे खाद्य खातात, समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा कितीतरी सहज रुळतात.

हा निर्णय झाला की प्रकाशाचा प्रश्न बराच सोपा होतो. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्रवाळाला मिळतो. त्यांच्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतो हे मोजायचे माप म्हणजे पार, अर्थात एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे उपयुक्त फोटॉन, मायक्रोमोलमध्ये. उथळ पाण्यातल्या फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० पार लागतो आणि सारा खर्च, सारी उष्णता तिथेच वाढते. आपल्या मश्रूमना ५० ते ८० पुरतो, झोॲन्थिड आणि लेदर यांना ८० ते १२०. एवढा प्रकाश ४० सेंमी उंचीच्या टाकीत मिळवायला ५० ते ६० वॅटचा, रीफसाठी बनवलेला आणि निळा व पांढरा असे दोन वेगळे चॅनल असलेला एक एलईडी पुरेसा होतो, आणि तोही बहुधा निम्म्या तीव्रतेवरच चालवावा लागतो. लिटरमागे वॅटचा हिशेब ट्यूबलाइटच्या काळातला आहे. वॅटवरून दिवा वीज किती खातो एवढेच कळते. त्या विजेतून किती प्रकाश निघतो आणि भिंगाच्या कोनामुळे तो कुठे एकवटतो, हे त्यातून कळत नाही.

निळाई (नाशिक)

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. रंगाबद्दल थोडी भर घालते, कारण तिथेच सर्वाधिक गैरसमज आहेत.

समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो आणि स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश सर्वांत खोल जातो. प्रवाळांतल्या शैवलांची रंगद्रव्ये साधारण ४२० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यातला प्रकाश उत्तम शोषून घेतात. आपल्या ६५०० केल्व्हिनच्या दिव्यात हा पट्टा अगदीच नसतो असे नाही, त्यामुळे त्याखाली मश्रूम मरणार नाहीत. पण त्यातला पिवळा-लाल भाग काचेवरच्या आणि खडकावरच्या शेवाळाला पोषक ठरतो आणि प्रवाळांचे रंग मातकट दिसतात. तो दिवा वनस्पतींकडेच राहू द्यावा. केवळ निळ्या दिव्याने प्रवाळ जगतात हे खरे आहे, मात्र त्या प्रकाशात ऊतींचा फिकटपणा डोळ्यांना कळत नाही, शेवाळाचा पहिला थर दिसत नाही आणि आजार उशिरा लक्षात येतो. निळा ६० टक्के तर पांढरा १५ ते २० टक्के, या प्रमाणापासून सुरुवात करावी आणि रोज निदान तासभर तरी पांढरा प्रकाश इतका असावा की टाकी नीट तपासता येईल.

निळ्या प्रकाशात हिरवा-केशरी झळाळणारा रंग म्हणजे प्रवाळ खूश आहे, असेही मानू नये. ते रंग प्रतिदीप्त, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत देणाऱ्या, प्रथिनांचे असतात. जेलीफिशमधले हिरवे प्रथिन १९६२ मध्ये प्रथम वेगळे केले गेले आणि त्यावरील कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९९ मध्ये लाल प्रथिनाचे जनुक सापडले ते मात्र डिस्कोसोमामध्ये, म्हणजे आपण घेणार आहात त्याच मश्रूममध्ये. प्रयोगशाळांतून पेशी रंगवून पाहण्यासाठी आज जगभर वापरले जाणारे लाल रंगाचे प्रथिन मूळचे या नम्र जिवाचे आहे, याचे मला दर वेळी नव्याने कौतुक वाटते. पण ताणाखाली असलेला जीवही तितकाच झळाळू शकतो, म्हणून झळाळीपेक्षा आकार पाहावा. मश्रूमची चकती सपाट पसरलेली आणि कडा किंचित लहरदार असेल तर प्रकाश जुळला आहे. ती आक्रसून कडा आत वळत असतील तर प्रकाश जास्त होतो आहे, आणि तीच पेल्यासारखी होऊन दिव्याकडे उंचावत असेल, किंवा झोॲन्थिडचे देठ लांबत असतील, तर कमी पडतो आहे. प्रवाळ पांढुरके पडू लागले तर त्याच दिवशी तीव्रता कमी करावी. तपकिरी झाले तर घाई करण्याचे कारण नाही.

पारमीटर महाग असतो. ओळखीच्या कुणाकडून दोन दिवस मिळाला तर उत्तमच. मोबाइलमधल्या लक्स ॲपवर आकडा म्हणून विसंबू नये, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला बेतलेले आहे, डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि निळ्या दिव्याचा प्रकाश त्यात फार कमी मोजला जातो. एकाच दिव्याच्या एकाच रंगसंगतीत टाकीच्या दोन कोपऱ्यांची तुलना करायची असेल, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे.

आता उन्हाळा. एवढ्या दिव्याची उष्णता ही मुख्य चिंता नाही, खोलीचे तापमान ही आहे. पाणी २५ ते २६ अंशांवर असावे. २९-३० च्या वर काही दिवस राहिले की प्रवाळ आपली शैवले बाहेर टाकू लागतात. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये विरंजित झाली ती याच कारणाने. पुणे-नाशिकची कोरडी हवा इथे आपल्या बाजूची आहे : पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा घालणारे दोन लहान पंखे लावले की बाष्पीभवनाने तापमान दोन ते तीन अंश उतरते. मुंबई-ठाण्याच्या दमट मे महिन्यात हाच उपाय फारसा चालत नाही आणि चिलर किंवा वातानुकूलित खोली लागते. मात्र उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. ९० लिटरमधून दोन लिटर उडाले तर क्षारता हजारी ३५ भागांवरून जवळपास ३५.८ वर जाते, म्हणून रोजची भर बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची घालावी आणि शक्य असल्यास फ्लोट असलेला स्वयंचलित टॉप-अप बसवावा. दिव्याची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशी ठेवली तर त्याचा जोर दिवसाच्या सर्वांत तापलेल्या प्रहरानंतर येतो आणि घरातल्यांनाही टाकी पाहायला मिळते. प्रवाळांना घड्याळाशी कर्तव्य नाही, नियमितपणाशी आहे.

किनारा (मालवण)

दिव्याविषयी वर उत्तम लिहिले आहे. मला खडकाविषयी कळकळीने सांगायचे आहे. सुट्टीत इकडे येऊन ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले खडक ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणू व सूक्ष्मजीव असलेला खडक) म्हणून पिशवीत भरून नेणारे लोक मी पाहिले आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे, आणि अभयारण्याच्या बाहेरही त्या खडकांना दगडी प्रवाळ चिकटलेले असते, म्हणजे पहिल्या अनुसूचीतला जीवच आपण उचलून नेतो. कोरडा, सच्छिद्र ड्राय रॉक दहा किलोच्या आसपास आणि बारीक अरॅगोनाइटची वाळू वापरावी. त्यावर जिवाणू बसायला वेळ जास्त लागतो, पण नको असलेले खेकडे आणि किडेही येत नाहीत.

प्रकाशाबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. सगळी प्रवाळे निळ्याशार पाण्यात राहतात असे नाही. आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य असल्यामुळे निळा प्रकाश लवकर संपतो. ऑक्टोबरनंतर पाणी निवळल्यावर चार-पाच मीटर खाली गेले तरी भोवताली दिसतो तो हिरवट, मंद उजेड, आणि त्या उजेडातही पोरायटीस, गोनिओपोरा, टर्बिनेरिया ही दगडी प्रवाळे तग धरून आहेत. पावसाळ्यात तर कित्येक आठवडे त्यांना जेमतेम प्रकाश मिळतो. म्हणून एखाद्या दिवशी वीज गेली आणि दिवा बंद राहिला तर घाबरू नये. त्या वेळी जीव जातो तो प्राणवायूअभावी. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असलाच पाहिजे.

काचपेटी (पुणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हॅमरचा विचार सोडला आहे. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, तेच पाणी चालेल का? आणि टाकी भरल्यावर पहिल्या दिवसापासून दिवा लावायचा का?

खारंपाणी (ठाणे)

घरगुती आरओमध्ये चव राखण्यासाठी बहुधा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते आणि त्यातून थोडे क्षार मुद्दाम परत मिसळले जातात, त्यामुळे ते पाणी थेट वापरू नये. क्षार मिसळण्याच्या आधीच्या टप्प्यावरून नळी काढून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) जोडावे आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्यावरच मीठ कालवावे. नळाच्या पाण्यातून येणारा फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळ वाढवतो, तर तांब्याचा अंशही बिनकण्याच्या जिवांना घातक ठरतो. २५ अंशांवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ भरले पाहिजे. क्षारता मोजायला तरंगत्या हायड्रोमीटरपेक्षा प्रकाशाच्या वक्रीभवनावरून मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा.

पहिले चार ते सहा आठवडे दिवा लावूच नये. या काळात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर बसतात, त्यांना उजेडाची गरज नसते. प्रकाशाचा लाभ त्या काळात फक्त शेवाळ घेते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मोठा पाणीबदल करून दिवा सुरू करावा. त्यानंतर वाळूवर येणारी तपकिरी साय डायाटम या सूक्ष्म शैवलांची असते आणि ती बहुधा आपोआप ओसरते. तिच्यासाठी रसायन ओतू नये. दिवा पाण्यापासून २० ते २५ सेंमी उंचीवर टांगून, निळ्या-पांढऱ्याचे प्रमाण वर सांगितले तेच ठेवून, एकूण तीव्रतेचा ३० टक्क्यांपासून आरंभ करावा, दर आठवड्याला पाच टक्के वाढवावे आणि मश्रूमची चकती सपाट राहते आहे तिथे थांबावे. नवीन आणलेले प्रवाळ आधी वाळूवर, दिव्याच्या थेट झोतापासून बाजूला ठेवून मगच वर न्यावे. प्रवाळ थोडीच असल्यामुळे कॅल्शियम वेगळे घालण्याची गरज भासणार नाही, आठवड्याला दहा टक्के पाणीबदल पुरेल. आल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण) आठ ते नऊ डीकेएच या मापात राहते आहे का एवढे पाहावे. पाण्याचा प्रवाह मात्र सढळ ठेवावा, टाकीच्या आकारमानाच्या ताशी वीस पट तरी, कारण लेदर अधूनमधून मेणचट पापुद्रा टाकते आणि तो वाहून गेला नाही तर खालची ऊती सडते.

सुरक्षेविषयी दोन गोष्टी सांगतो. झोॲन्थिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, म्हणून त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये, कारण ती वाफ श्वासातून गेल्याने घरेच्या घरे रुग्णालयात गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दुसरे म्हणजे, खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा, प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी म्हणजे ओघळणारा थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाही, आणि दिव्याच्या कडेवर साचणारे पांढरे मीठ दर आठवड्याला, प्लग काढून, ओल्या फडक्याने पुसावे.