मदत हवी आहे: निपाणीत राहून रुग्णांचं केस मॅनेजमेंट करायला परवाना लागतो का, आणि कुठल्या राज्याचा?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या निपाणीची. कोल्हापुरातून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विषय घेऊन. पुढे काही वर्षं महाराष्ट्रातल्या एका खासगी रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर म्हणून नोकरी केली. आता घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडून निपाणीतूनच स्वतंत्रपणे काम करते.

काम सीमाभागातल्यांना वेगळं सांगायला नको. इथल्या पेशंटपुढे नेहमी दोन वाटा असतात, बेळगाव-धारवाड-हुबळी नाहीतर कोल्हापूर-मिरज. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे, बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. तिकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये, ज्यांवर ते हक्क सांगतं त्या कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांसाठी लागू केली आणि जिला कर्नाटक सरकारने विरोध केला. दोन सरकारांच्या वादात डायलिसिसवरचा माणूस हातात पिशवी घेऊन या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरतो. रेशनकार्ड कन्नडमध्ये, समोरचा कर्मचारी फक्त मराठी वाचणारा. मी कागद लावून देते, उपचाराचा अंदाजे खर्च घरच्यांना समजेल असा सांगते, डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून देते, डिस्चार्जनंतर औषधं आणि फेऱ्या चुकू नयेत म्हणून मागे लागते. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायका खूप. एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यांची एक फेरी वाचली तरी मला ते मोठं वाटतं.

गेल्या महिन्यात अशाच एका बाईंच्या नवऱ्याची फाइल घेऊन एका रुग्णालयात गेले. तिथे सांगण्यात आलं, "लायसन्स दाखवा, नाहीतर फाइलला हात लावू नका." पदवी दाखवली, चालली नाही. त्या बाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर ज्याला विचारलं त्याने वेगळंच सांगितलं. कोणी म्हणे आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नंबर घ्या, कोणी म्हणे केपीएमई या कर्नाटकच्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखाली नोंद करा. एकाने तर काही हजारांत "कौन्सिलचं प्रमाणपत्र" घरपोच देतो म्हणून फोन केला. मला नीट कळायला हवंय की असा परवाना खरंच आहे का, असल्यास मी कर्नाटकात राहते म्हणून इथला की पेशंट कोल्हापूरला नेते म्हणून तिथला. कार्डावर "मेडिकल सोशल वर्कर" लिहू शकते का? फी घेऊ शकते का? पेशंटकडून फी घ्यायला मन होत नाही, पण घरही चालवायचं आहे. कायदा माहीत असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १ (बेळगाव)

ताई, मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आहे. पहिली गोष्ट, त्या प्रमाणपत्रवाल्याला एक रुपयाही देऊ नका. डॉक्टर, नर्स, वकील यांच्यासारखी सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी एकच वैधानिक परिषद आपल्या देशात नाही. तशा कायद्याची मागणी जुनी आहे, कायदा झालेला नाही. एम.एस.डब्ल्यू. ही पदवी आहे, तिच्यासोबत परवाना येत नाही.

पण "काहीच लागत नाही" असंही समजू नका. २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा वाचा. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्राचा गट आहे आणि त्यात क्लिनिकल, सायकिअॅट्रिक आणि मेडिकल सोशल वर्कर यांची नावं स्पष्ट आहेत. म्हणजे तुमचा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आला आहे. नोंदणी या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे, आणि वर केंद्रीय नोंदवही. तुम्ही निपाणीत बसून काम करता, तेव्हा पहिली चौकशी कर्नाटकच्या परिषदेकडे करा. तुमच्या गटाची नोंदणी सध्या घेतली जाते का, हे लेखी विचारा. तोंडी उत्तर त्या काउंटरवर उपयोगी पडणार नाही. लेखी उत्तराची प्रत पिशवीत ठेवा.

आणखी एक. या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांच्या शिक्षणाची अट आहे. म्हणून विद्यापीठाकडून गुणपत्रिकेबरोबर अभ्यासक्रम आणि फील्डवर्कच्या तासांचा दाखला आत्ताच काढून घ्या. नोकरीचं अनुभवपत्रही. आमच्याकडे लोक हे नेमकं नोंदणीच्या वेळी शोधायला लागतात आणि तोवर विभागप्रमुख निवृत्त झालेले असतात.

आरसीआयचं म्हणाल तर १९९२ च्या कायद्याखाली पुनर्वसन समाजकार्यकर्ते नोंदवले जातात, ते अपंगत्व पुनर्वसनासाठी आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्यांसाठी. डायलिसिसची फाइल लावायला त्याची गरज नाही. केपीएमई म्हणजे २००७ चा कर्नाटकाचा कायदा, तो खासगी दवाखान्याची नोंद करतो, तुमच्यासारख्या व्यक्तीची नाही.

मनोरुग्णांच्या बाबतीत मात्र जपून. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात सायकिअॅट्रिक सोशल वर्करची व्याख्या आहे, एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद लागते. तुमच्या पदवीवर मनोविकार हा शब्द असला तरी ते पद लावू नका.

प्रतिसाद २ (खानापूर)

वरचं सगळं बरोबर. मी वकिली करतो, म्हणून संमतीबद्दल लिहितो. त्या रुग्णालयाची भाषा कडक होती, पण फाइल परक्या माणसाच्या हाती देताना विचारणं त्यांचं कर्तव्यच आहे. तुमचा अधिकार पदवीतून नाही, पेशंटच्या सहीतून येतो. पेशंटकडून लेखी अधिकारपत्र घ्या: कुठली कागदपत्रं बघणार, कुणाशी बोलणार, कधीपर्यंत. आमच्याकडे ते मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, म्हणजे बेळगावातही चालेल, कोल्हापुरातही. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. एचआयव्हीचा पेशंट असेल तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे त्याची स्थिती संमतीशिवाय घरच्यांनाही सांगता येत नाही. इथे आपली माणसं सासरा-दीर सगळ्यांसमोर फाइल उघडतात, ते तुम्ही थांबवा.

फी घेण्यात गैर काही नाही. रक्कम आधी कागदावर लिहा आणि पावती द्या. फक्त रुग्णालयाकडून किंवा लॅबकडून पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घेऊ नका. ज्या दिवशी ते घ्याल त्या दिवशी तुमचा सल्ला पेशंटसाठी उरणार नाही. कार्डावर "एम.एस.डब्ल्यू., रुग्ण साहाय्य" इतकं लिहा. नोंदणी मिळेपर्यंत "नोंदणीकृत" हा शब्द कुठेच नको, नसलेली नोंदणी सांगण्याला २०२१ च्या कायद्यात शिक्षा आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार दादा. आज रात्रीच अधिकारपत्राचा मसुदा करते. एक राहिलं. त्या बाईंच्या नवऱ्याला आता किडनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिलाय, बहीण द्यायला तयार आहे. ट्रान्सप्लान्ट कोऑर्डिनेटर (प्रत्यारोपणाची जुळवाजुळव बघणारी व्यक्ती) म्हणून मी त्यांचं बघू शकते का? पुण्याला करायचं म्हणतात.

प्रतिसाद १ (बेळगाव)

नाही ताई, ते पद रुग्णालयाचंच. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०१४ चे नियम त्याला लागू आहेत, आणि कोऑर्डिनेटर रुग्णालयाने नेमायचा असतो. नियमांत एम.एस.डब्ल्यू.ला पसंती दिलेली आहे, म्हणजे पुढे त्या नोकरीसाठी तुम्ही अर्ज करू शकता. या पेशंटसाठी मात्र तुम्ही कागदांपुरत्या मदतनीस राहा. बहीण जवळच्या नातेवाइकांत मोडते, तिचं नातं सिद्ध करणारी कागदपत्रं आधी गोळा करा. पेशंट कर्नाटकातला आणि शस्त्रक्रिया महाराष्ट्रात, म्हणून राहण्याच्या पत्त्याची पडताळणी तहसीलदाराकडून मागतील. निपाणी तहसील कार्यालयात अर्ज कन्नडमधून द्या आणि मराठी प्रत सोबत ठेवा. लग्नानंतर बहिणीचं नाव बदललं असेल तर ते आजच तपासा, बहुतेक फायली तिथेच अडतात.