दोन बॉल पायथन (पाळीव अजगर) एकाच टाकीत ठेवू का?

माझी मादी ३ वर्षांची आहे, आता एक लहान नर आणलाय. टाकी ४ फुटांची. दोघं एकाच लपणीत बिलगून बसतात. वेगळं केलं तर एकटे पडतील का?

उत्तर: ते बिलगणं माया नाही हो. उबदार जागा एकच, ती दोघांनाही हवी. मोठा साप लहान्याला दाबून बसतो. मीही माझ्या दोघांना तसं बसलेलं पाहून खूश व्हायचो. मग लहान्याने सलग ५ वेळा उंदीर नाकारला. एका सकाळी टाकीत अर्धवट पचलेला उंदीर ओकलेला दिसला, पण कोणी ओकला ते कळायला मार्ग नाही. त्याच दिवशी वेगळे केले. तिसऱ्या आठवड्यात लहान्याने झडप घालून खाल्लं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. कृपा करून वाट बघू नका.

दुसरं उत्तर: नवा साप निदान ३ महिने दुसऱ्या खोलीत ठेवा, माइट्स (सापाच्या अंगावरचे बारीक रक्त पिणारे किडे) झपाट्याने पसरतात. आणि किंगस्नेकसोबत तर कधीच नाही, तो दुसरे साप गिळतो.

प्रश्नकर्ती: आजच दुसरी टाकी लावते. तोवर नराला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं तर चालेल?

उत्तर: चालेल. झाकणाला कडी हवी, पाण्याचं भांडं हवं, आणि हीट मॅट (ऊब देणारी चटई) एकाच बाजूला, थर्मोस्टॅट (तापमान आटोक्यात ठेवणारं यंत्र) लावूनच.