मदत हवी आहे : कॉमिक्ससाठी अप्लाइड आर्ट की डिझाइन?

मी बारावीत आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्यात. लोगो-पोस्टर नकोत, कॉमिक्सच काढायचीत. बीएफए अप्लाइड आर्टला (उपयोजित कलेच्या पदवीला) इलस्ट्रेशन असतं, पण चौकटींतून गोष्ट सांगणं खरंच शिकवतात का? मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेलं कुणी आहे का इथे? की यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईचं बी.डेस. (डिझाइनची पदवी) बघू?

आत्ता अडतं ते असं : तिसऱ्या चौकटीत पात्राचं नाकच बदलतं, आणि संवादाच्या फुग्यात वेलांटी-मात्रांना जागा उरत नाही. (इंग्रजी कॅपिटलवाल्यांची मजा आहे!)

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची गर्दीची आणि शि. द. फडणीसांची बिनशब्दांची चित्रं बघून सराव करते, पण हात त्यांच्यासारखाच वळायला लागलाय. तुम्ही स्वतःची रेष कशी शोधलीत? स्केचिंगला कुठे बसता?