सारखी डागडुजी नको: जुन्या डेस्कटॉपवर कोणतं लिनक्स टाकावं?

पाटीपेन्सिल

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ च्या यादीत माझा प्रोसेसर नाही. त्यामुळे पूर्ण लिनक्सवर जायचं आहे, ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही) नको. मशीन असं: आय५-४४६०, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, एनव्हिडिया जीटी ७१० कार्ड, यूएसबी वायफाय डोंगल. काम ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग आणि प्रिंटिंग एवढंच. डेबियन, उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) की मिंट? काही जण फेडोरा सुचवतात. एकदा बसवलं की निदान तीन-चार वर्षं पुन्हा बसवायला लागू नये, ही मुख्य अट.

कर्नलकाका

मग फेडोरा बाद. चांगलं आहे, पण एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं. आर्चसारख्या रोलिंग (आवृत्त्या नसलेल्या, सतत बदलत राहणाऱ्या) प्रकाराचा विचारही नको. तिथे अपडेट करण्याआधी सूचना वाचायची सवय लागते.

या मशीनवर लिनक्स मिंट २२ मालिका टाका, सिनॅमन (हा डेस्कटॉपचा प्रकार) आवृत्ती. पाया उबुंटू २४.०४ चा, अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत. २२.१, २२.२ अशा मधल्या आवृत्त्या अपडेट मॅनेजरमधूनच चढतात, पुन्हा बसवावं लागत नाही. उबुंटूच्या मूळ आवृत्तीत फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज) स्वरूपात येतो, मिंटमध्ये साध्या डेब पॅकेजमधून. ८ जीबीत सिनॅमन आरामात चालतं. रॅम ४ जीबी असती तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप सुचवला असता, तरी रॅम खातो तो ब्राउझरच.

बसवताना: आयएसओ उतरवल्यावर शा-२५६ चेकसम (फाइल नीट उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलर मध्येच अडकतो आणि लोक मिंटला शिव्या घालतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आधी लाइव्ह, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. सस्पेंड करून मशीन परत जागं होतं का, हेही बघा. विभाजन असं ठेवा: ईएफआय ५१२ एमबी, रूट (सिस्टिमची जागा) ६० जीबी, फाइल सिस्टिम ईएक्सटी४च, आणि उरलेलं सगळं होमला (तुमच्या फाइलींना). स्वॅपसाठी नंतर रूटमध्ये ४ जीबीची फाइल पुरेल.

टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन) पहिल्याच दिवशी चालू करा, पण रोजच्या तीन आणि आठवड्याच्या दोन प्रतींवर ठेवू नका. ६० जीबीच्या रूटवर त्या दाटी करतात आणि रूट काठोकाठ भरलं की पासवर्ड टाकूनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो. रोजच्या दोन प्रती पुरे. शिवाय टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर धरत नाही, त्यामुळे तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायलाच हवा.

धूळखात_जीपीयू

वरच्या सल्ल्यात जीटी ७१० सुटलं. हे कार्ड केप्लर पिढीचं, त्याला चालणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०, आणि तिची देखभाल एनव्हिडियाने थांबवली आहे. पुढे कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं की हा ड्रायव्हर त्यासाठी बांधला जाईलच असं नाही, मग रीस्टार्टनंतर काळा पडदा येऊ शकतो. स्थिरता हवी असेल तर कार्ड काढूनच टाका. प्रोसेसरमध्ये इंटेल एचडी ४६०० आहे, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. चित्र आलं नाही तर बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्ले अंतर्गत ग्राफिक्सवर करा.

एक तोटा: एचडी ४६०० हार्डवेअरवर एच.२६४ हा व्हिडिओचा प्रकार उलगडते, व्हीपी९ हा नाही. यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं आणि तो भार प्रोसेसरवर येतो. १०८० पीला चार कोअर पुरतात. तरी पंखा घोंघावत असेल तर ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाका.

स्थिरशाखा

मिंटला विरोध नाही, पण डेबियन १३ चा विचार व्हायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं एलटीएस सपोर्ट. आवृत्त्या गोठवलेल्या, येतात त्या सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या. डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत आयएसओतच असतं, त्यामुळे नेटवर्क कार्ड न ओळखण्याची जुनी कटकट बरीच कमी झाली.

दोन ठिकाणी नवखे हमखास अडकतात. इन्स्टॉलर रूटचा (प्रशासक खात्याचा) पासवर्ड विचारतो तेव्हा तो रिकामा सोडा. भरला तर तुमच्या खात्याला सुडो (प्रशासकाचे अधिकार वापरायची सोय) मिळत नाही. दुसरं, सोर्सेसच्या (अपडेट कुठून घ्यायचे त्याच्या) फाइलमध्ये 'स्टेबल' लिहू नका, 'ट्रिक्सी' हेच डेबियन १३ चं नाव राहू द्या. नाहीतर पुढची आवृत्ती आली की नेहमीचं अपडेट करता करता मशीन अर्धवट नव्या आवृत्तीत जातं. उबुंटूचे पीपीए (बाहेरचे सॉफ्टवेअर साठे) डेबियनवर कधीच जोडू नका. नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर बॅकपोर्ट्स (डेबियनचाच नव्या पॅकेजांचा साठा) किंवा फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारी पॅकेजेस). फ्लॅटपॅकचं पहिलं अ‍ॅप रनटाइमसकट बरीच जागा घेतं, तेवढी सोडून ठेवा.

पाटीपेन्सिल

धन्यवाद. कार्ड काढतो. डोंगलमध्ये आरटीएल८८१२एयू चिप आहे असं दिसतंय. आणि मराठी टायपिंगचं?

कर्नलकाका

मग डोंगलनेच निकाल लावला. या चिपचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ६.१२ नंतर आला. मिंट २२.२ मध्ये ६.१४ आहे, म्हणून २२.२ किंवा त्यानंतरचीच आयएसओ घ्या. डेबियन १३ चं कर्नल ६.१२, तिथे बॅकपोर्ट्समधलं कर्नल घ्यावं लागेल, आणि ते उतरवायला आधी केबलने किंवा मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगने इंटरनेट. गिटहबवरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) बसवायचा उपाय सांगणारे भेटतील. तो टाळा, कर्नल बदललं की तुटतो.

टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय लेआउटच्या यादीत मराठी कागपा फोनेटिक आहे. इनस्क्रिप्ट किंवा इतर पद्धती हव्या असतील तर आयबस (टायपिंगच्या पद्धती बदलणारा प्रोग्राम) सोबत एम१७एन पॅकेज टाका आणि एकदा लॉगआउट करा, तोवर पद्धती यादीत दिसत नाहीत.

स्थिरशाखा

६.१४ असेल तर मिंटच घ्या. नवं कर्नल आल्यावर वायफाय गेलं तर घाबरू नका: चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, प्रगत पर्यायांत मागचं कर्नल निवडा. त्यासाठी आधीचं एक कर्नल कायम ठेवा.