मदत हवी आहे : हरणांच्या शिकारीची मालिका – वाहिनीवर वेळ विकत घ्यावी, की यूट्यूबपासून सुरुवात करावी?

नमस्कार मंडळी,

विषय इथल्या पुष्कळांना रुचणारा नाही, याची मला कल्पना आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात वाढलेल्या आपल्या पिढीला शिकार भेटली ती गुन्ह्याच्या बातमीतच. तेव्हा शिकार करावी की करू नये, हा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. मी तिथेही हजेरी लावीन. इथे मला मदत हवी आहे ती प्रसारणाच्या आणि प्रायोजकत्वाच्या व्यवहाराबद्दल. जाहिरात, माध्यमे आणि करारमदार यांत मुरलेली मंडळी इथे आहेत, म्हणून हा खटाटोप.

मी विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागातल्या व्हर्नन परगण्यात राहते आणि छोट्या व्यावसायिकांचे हिशेब पाहते. आमच्या शेजाऱ्यांनी दुधाचा धंदा बंद केला, गाई विकल्या, पण उतारावरची शेती आणि तिला लागून असलेले ओकचे रान राखले. ते आणि त्यांची मुलगी दरवर्षी आधी धनुष्यबाणाने आणि मग बंदुकीने व्हाइटटेल हरणाची शिकार करतात आणि वर्षभराचे मांस त्यांना त्यातूनच मिळते. याच एका शेतावरच्या एका हंगामाची मालिका करावी, असे त्यांनी मनावर घेतले आहे : उन्हाळ्यात हरणांसाठी पेरलेला चारा आणि झाडांना बांधलेले कॅमेरे, सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्याचा हंगाम, नोव्हेंबरच्या सुरुवातीला नर माजावर येतात ते दिवस, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम, आणि शेवटी तळघरात बसून भरलेले सॉसेज. चित्रीकरण आमच्या ओळखीचा एक हौशी मराठी मुलगा करणार आहे. तो इथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. जमाखर्च अर्थातच माझ्या गळ्यात पडला आहे.

शेजाऱ्यांची इच्छा मालिका 'खऱ्या टीव्हीवर' यावी अशी आहे, आणि घोडे इथेच अडले आहे. शिकारीच्या वाहिन्यांचा व्यवहार बाहेरून दिसतो त्याच्या नेमका उलटा चालतो. आउटडोअर चॅनेल, स्पोर्ट्समन चॅनेल किंवा पर्सूट यांच्यावरच्या बहुतेक मालिकांना वाहिनी पैसे देत नाही. निर्माताच वाहिनीला पैसे देऊन अर्ध्या तासाची जागा तिमाहीच्या, म्हणजे तेरा आठवड्यांच्या भाड्याने घेतो, त्या अर्ध्या तासातली साधारण बावीस मिनिटे स्वतःच्या खर्चाने भरतो, आणि वाट्याला आलेल्या जाहिरातींच्या जागा प्रायोजकांना विकून भाडे, चित्रीकरण आणि जमले तर नफा वसूल करतो. यांतल्या पहिल्या दोन वाहिन्या आज एकाच मालकाच्या छत्राखाली असल्याने घासाघीस करायलाही फारशी जागा राहिलेली नाही. लोकांच्या घरी केबल होती तोवर हे गणित बसत होते. आता घरोघरी केबल तोडली जात आहे, पण भाडे त्या प्रमाणात उतरलेले मला दिसत नाही. आमच्या अंदाजपत्रकात एका तिमाहीचे भाडे वर्षभराच्या चित्रीकरणाच्या खर्चाला मागे टाकते आणि तेही पहिला भाग दाखवण्याआधी.

दुसरीकडे प्रायोजकांची संख्याच आटत चालली आहे. बास प्रोने २०१७ मध्ये कॅबेलाज विकत घेतले, तेव्हा शिकार-मासेमारीच्या सामानाच्या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांच्या जागी एक उरली. काडतुसे, दुर्बिणी, हेल्मेट असे कित्येक ब्रँड एका छत्राखाली बाळगणाऱ्या व्हिस्टा आउटडोअरचे विभाजन झाले आणि तिचा दारूगोळ्याचा धंदा २०२४ च्या अखेरीस एका चेक उद्योगसमूहाकडे गेला. मालकी बदलली की जाहिरातीचा पैसा कोण मंजूर करतो, हेच वर्षभर कळत नाही. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्याच्या पाहणीत देशातल्या शिकाऱ्यांची संख्या २०११ मध्ये सुमारे १ कोटी ३७ लाख आणि २०१६ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख होती. २०२२ च्या पाहणीत ती १ कोटी ४४ लाखांच्या घरात दिसते, परंतु मधल्या काळात पाहणीची पद्धतच बदलली आहे, त्यामुळे हा आकडा वाढीचा पुरावा म्हणून प्रायोजकापुढे ठेवायला माझी हिशेबनिसाची बुद्धी धजत नाही.

आजवर ज्यांच्याशी बोलणी झाली त्यांच्यापैकी बहुतेकांनी पैशांऐवजी माल देऊ केला आहे : जाकिटे, बाण, मचाणाच्या शिड्या. माल घरात येतो, पण त्याने संकलकाचे बिल फिटत नाही. एका कंपनीचा प्रतिनिधी (नाव सांगणे योग्य नाही) पैसे द्यायला तयार होता, पण नमुन्यादाखल केलेल्या भागातले एक दृश्य त्याला खटकले. आमच्या भागात हरणांना सीडब्ल्यूडी नावाचा, मेंदू पोखरणारा रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. शिकारी हरणाचे डोके कापून, त्याला माहितीची चिठ्ठी बांधून, राज्याच्या वन्यजीव खात्याने रस्त्याकडेला ठेवलेल्या पेटीत तपासणीसाठी टाकतात आणि अहवाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाहीत. शेजाऱ्यांची मुलगी थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ती चिठ्ठी भरते, पेन चालत नाही म्हणून ते तोंडाने फुंकून गरम करते, असे ते दृश्य आहे. माझ्या मते अख्ख्या भागात त्याच्या तोडीचे काही नाही. प्रतिनिधीचे म्हणणे असे, की रोगाची आठवण झाली की माणूस खरेदी करत नाही. त्याला हवी होती ती नेहमीची चौकट : हरणाची जीभ आत ढकललेली, रक्त पुसलेले, आणि शिंगांच्या मागे कंपनीची टोपी.

चित्रीकरणाबद्दलही एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण खर्चाचा मोठा वाटा तिथे जातो. पहाटे आणि संध्याकाळी कायद्याने बाण सोडता येतो अशी काही मिनिटे असतात, ज्यांत कॅमेऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. हरणे नेमकी त्याच वेळी रानाबाहेर येतात. मालिका करायची तर समोर आलेले सावज सोडून द्यावे लागते, आणि एका मचाणावर दोन माणसे म्हटल्यावर वास आणि हालचाल दुप्पट होते ती वेगळीच. अनेक मालिकांत धनुष्य ताणण्याचे दृश्य शिकार झाल्यावर पुन्हा चित्रित करून मध्ये घुसवलेले असते. शेजाऱ्यांना हे मान्य नाही. त्यामुळे आमच्याकडे तेरा भाग भरतील एवढ्या 'यशस्वी' शिकारी होणारच नाहीत, हे आताच स्पष्ट आहे. बाप-लेक मिळून फार तर तीन-चार हरणे.

यूट्यूबच्या बाजूने माझा कल आहे. मीटईटर ही मालिका २०१२ मध्ये स्पोर्ट्समन चॅनेलवर सुरू झाली आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर गेली. त्याउलट द हंटिंग पब्लिक या मंडळींनी २०१७ च्या सुमारास थेट यूट्यूबवरच, सार्वजनिक जमिनीवरची साधी शिकार दाखवत बस्तान बसवले. तिथे बावीस मिनिटांचे बंधन नाही आणि हात हलवत परत आल्याचा भागही लोक आवडीने पाहतात. पण तिथल्याही अडचणी आहेत. हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण झाल्याखेरीज जाहिरातीचा वाटा मिळत नाही, रक्त दिसले की जाहिराती आखडल्या जातात, आणि बंदुका विकणाऱ्या संकेतस्थळाचा दुवा देता येत नाही.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. पहिल्या हंगामात वाहिनीचा नाद सोडून यूट्यूबवर जावे, हे शेजाऱ्यांना पटवून देण्यासारखा व्यवहारी मुद्दा कोणता? ज्याचा प्रेक्षकवर्ग अजून जन्माला यायचा आहे अशा मालिकेसाठी प्रायोजकाकडे नेमके काय विकावे आणि किंमत कशी लावावी? मजकुरावर प्रायोजकाचा हात फिरू नये यासाठी करारात कोणते कलम असावे? आणि कॅमेरा धरणाऱ्या मुलाच्या व्हिसाला धोका न होता त्याला सामावून घेण्याचा मार्ग आहे का?

प्रतिसाद (शिकागोहून, जाहिरात क्षेत्र)

ताई, शेजाऱ्यांना एवढेच विचारा, की वाहिनीचे भाडे भरल्यावर पहिल्या भागाचे हक्क आणि तो कोणी, कुठे, किती वेळ पाहिला याची माहिती कोणाकडे राहणार? प्रायोजक आज टीव्हीवर दिसण्यापेक्षा ही माहिती मागतो. यूट्यूबवर ती तुमच्या हातात असते आणि पुढच्या वर्षी तीच तुमची पत ठरते.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटलेली दिसते. गूगल आणि फेसबुक बंदुका व काडतुसे यांच्या जाहिराती घेत नाहीत. त्यामुळे या धंद्यातल्या कंपन्यांना ग्राहकापर्यंत पोहोचायला तुमच्यासारख्या निर्मात्यांचाच आधार असतो. धनुष्ये, दुर्बिणी आणि कपडे यांच्यावर असे बंधन नाही, म्हणून ते तुमच्याशी घासाघीस करू शकतात. शिवाय तुम्ही राहता त्या भागाचे भाग्य पाहा : मॅथ्यूज धनुष्यांची कंपनी स्पार्टाची आणि व्हॉर्टेक्स दुर्बिणींची बार्नेवेल्डची. पण पहिल्या वर्षी मी त्यांच्या दारातही जाणार नाही. तालुक्याच्या गावचे ट्रॅक्टरचे दुकान, मांस कापून देणारा, शेतकऱ्यांची सहकारी बँक, यांना मालिकेतली माणसे ओळखीची असतात आणि ते माल नव्हे, धनादेश देतात. मोठ्यांकडे जायचे तर वेळ पाळा. पुढच्या वर्षाचा खर्च ते शरद ऋतूतच ठरवतात, जानेवारीतल्या धनुर्विद्येच्या व्यापारी प्रदर्शनात किंवा लास वेगासच्या शॉट शो या बंदुका-शिकारीच्या सामानाच्या प्रदर्शनात फक्त हस्तांदोलन होते, आणि ही दोन्ही प्रदर्शने मुख्यतः व्यावसायिकांसाठी असतात.

किंमत भागांवर लावू नका, हंगामावर लावा. 'जुलै ते जानेवारी, शिकार होवो वा न होवो' असे स्वच्छ लिहा. आणि त्या पेटीचे दृश्य कापू नका. करारात प्रायोजकाला फक्त स्वतःच्या वस्तूबद्दलचे विधान आणि स्वतःचे बोधचिन्ह तपासण्याचा हक्क द्या, बाकीच्या संकलनावर नाही. एकाच प्रकारच्या मालासाठी एकच प्रायोजक, ही अट ते घालतीलच. ती मान्य करायची तर वेगळे पैसे मागा.

प्रतिसाद (मिनिआपोलिसहून)

मी वकील नाही, विमा क्षेत्रात आहे, म्हणून पुढचे सर्व वकिलाकडून तपासून घ्यावे. एच-१बीवरच्या माणसाला ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याचकडे काम करता येते. 'पैसे न घेता करतो' हे उत्तर पुरेसे नाही, कारण ज्या कामाला एरवी मोबदला मिळतो ते फुकट करणेही अंगलट येऊ शकते. मालिकेतून उत्पन्न सुरू होण्याआधी त्याने स्वतंत्र इमिग्रेशन वकील गाठावा. मैत्रीखातर इथे तडजोड करू नका, किंमत तोच मोजेल.

दुसरे, विस्कॉन्सिनच्या कायद्यात जमीनमालकाला मनोरंजनासाठी आलेल्या माणसाच्या अपघाताच्या दायित्वापासून संरक्षण आहे, परंतु त्या वापराबद्दल त्याला वर्षाला दोन हजार डॉलरपेक्षा जास्त मोबदला मिळाला तर ते सुटते. मालिका शेजाऱ्यांच्या जमिनीसाठी भाडे देणार असेल किंवा पुढे इतरांच्या रानात जाणार असेल, तर हे आधी पाहा. मोबदल्यात वस्तूही धरल्या जातात.

फुकट मिळालेली जाकिटे प्रसिद्धीच्या बदल्यात असतील तर बाजारभावाने करपात्र उत्पन्न आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती फुकट मिळाल्याचे चित्रफितीतच स्पष्ट सांगावे लागते. खालच्या वर्णनात बारीक अक्षरांत लिहून भागत नाही. आणि राज्याबाहेर जायचा बेत असेल तर परवान्याचा प्रत्येक कागद जपा. बेकायदा मारलेले जनावर राज्याची हद्द ओलांडून नेले की १९०० चा लेसी कायदा लागू होतो, आणि मालिका करणाऱ्यांच्या बाबतीत पुरावा त्यांनी स्वतःच चित्रित करून ठेवलेला असतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दोन हजार डॉलरचा मुद्दा मी आज संध्याकाळीच शेजाऱ्यांकडे नेते, कारण जमिनीचे भाडे अंदाजपत्रकात मीच सुचवले होते आणि आता ती ओळ तूर्त काढते आहे. वाहिनीचा विषय पहिल्या हंगामापुरता मिटला असे समजायला हरकत नाही; माहिती कोणाकडे राहणार, हा प्रश्न त्यांना नक्की कळेल, कारण आयुष्यभर दुधाचे वजन दुसऱ्याच्या काट्यावर झालेले त्यांनी पाहिले आहे.

व्हिसाचा निर्णय होईपर्यंत कॅमेरा शेजाऱ्यांची मुलगी आणि मी आळीपाळीने धरू. अजून एक विचारायचे राहिले : 'शिकार होवो वा न होवो' अशा कराराचा मसुदा कोणी पूर्वी केला आहे का? मासेमारीच्या, गिर्यारोहणाच्या किंवा अगदी क्रिकेटच्या हौशी संघाच्या प्रायोजकत्वाचा असला तरी चालेल. पैसे तीन हप्त्यांत घ्यायचे ठरले, तर शेवटचा हप्ता कशाला बांधावा, हे मला अजून सुचलेले नाही.